राजतीर्थाची डाळ

एका जंगलात, बाळांनो, डाळच शिजेना.

जंगल होतं चुनखडीच्या डोंगरावर. सिंहमहाराज गुहेत राहत. गुहेच्या छताला पांढरे दगडी सुळके लोंबत. त्यांवरून टपकणाऱ्या पाण्याला राजतीर्थ म्हणत. स्वयंपाक त्याच पाण्यात करायचा, असा कायदा होता.

सिंह डाळ कसा खातो, हे विचारू नका. निवडणूक जवळ आली होती.

सगुणा साळू ही महाराजांची स्वयंपाकीण. तिने सकाळीच डाळ चुलीवर चढवली. दुपारी दाणा चिमटून पाहिला. टणक!

"परवापर्यंत शिजली नाही, तर तुझे काटे उपटून दात कोरायला वापरू," तरसोपंत प्रधान हसत म्हणाले. तरसच ते, हसणारच.

"पंत, दोष पाण्याचा आहे. त्यात चुना विरघळलाय."

"राजतीर्थाला नावं ठेवतेस?"

समिती बसली. आधी डाळ देशद्रोही ठरली. डाळ बदलली. मग लाकडं फितूर ठरली. लाकडं बदलली. डाळ टणक ती टणकच. आता बदलायची उरली फक्त सगुणा.

तिने गुपचूप पाणी आधी नुसतंच खळखळून उकळलं आणि निवू दिलं. चुना पांढरा होऊन तळाशी बसला. वरचं पाणी अलगद ओतून घेतलं, त्यात डाळ टाकली. लोण्यासारखी शिजली!

महाराजांनी तीन वाट्या रिचवल्या. तेवढ्यात तरसोपंतांनी उकळलेल्या पाण्याच्या पातेल्यात डोकावलं.

"हे काय गं?"

"चुना, पंत. छताला लोंबतो ना, तोच."

"अगं, हे तर राजतीर्थाचं सत्त्व! आणि तू ते वगळलंस?"

लगेच फर्मान सुटलं. सत्त्व खरवडून डाळीत घाला! पातेल्याची मिरवणूक निघाली. माकडांनी ढोल बडवले. अस्वल नाचता नाचता डबक्यात पडलं, तिथेही नाचत राहिलं. महाराजांनी पहिला घास घेतला.

कचकच, कचकच... कडाक!

महाराजांचा सुळा वाटीत पडला.

ढोल थांबले. सगळ्यांनी सगुणाकडे पाहिलं. तिच्या अंगावरचा काटा न् काटा थरथरला. 'मी सांगितलं होतं,' हे अगदी जिभेवर आलं होतं. तिने ते गिळलं.

"महाराज, दातच कच्चा निघाला हो!"

"बलोबल!" महाराज बोबडे बोलले. "मला पहिल्यापाचून थंशय होता!"

त्याच दिवशी दात बडतर्फ झाला आणि सगुणा जंगलाची मुख्य जलशास्त्रज्ञ.

तात्पर्य: डाळ शिजवायची असेल, तर आधी पाणी उकळा. डाळ शिजवायची नोकरी टिकवायची असेल, तर पाण्याचं नाव काढू नका.