खोरगडे भैयांचा जड फोटो

माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीचा फोटो ऑफिसात मी सगळ्यांत आधी खोरगडे भैयांना दाखवला. त्यांनी मुलीकडे पाहिलंच नाही. फोटोचा आकार पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"चार एमबी? अरे, ही पोरगी उघडेपर्यंत सांज होईल!"

थोड्या वेळानं फोटो माझ्याकडे परत आला. "घे. पोरगी तीच, वजन गेलं."

मदन महल स्टेशनजवळ आमचं वेबसाइट बनवायचं छोटं ऑफिस आहे. तिथे भैयांचं काम एकच. साइटवरचे फोटो वेबपी नावाच्या हलक्या प्रकारात बदलायचे, म्हणजे पान झटकन उघडतं. मी आमच्या घरातला पहिला ग्रॅज्युएट आहे आणि हे मी कोणी न विचारताही सांगतो. भैयांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मस्त! पण सांगाले लय वेळ लावतो तू. थांबते कोन?"

'थांबते कोन?' हे त्यांचं ब्रीद. चहा बशीत ओतून प्यायचे, कारण कपातला निवेपर्यंत थांबते कोन? या हिंदी मुलखातल्या आमच्या मराठी मंडळात अध्यक्षांचं भाषण रंगात आलं की माझ्या कानाशी येत, "याईले कोणी वेबपी करा रे."

घमापूरचे एक साडीवाले सेठजी घाबरून विचारत होते, "भैया, साड़ी का रंग तो नहीं उड़ेगा?" भैयांनी दोन फोटो शेजारी शेजारी लावले. "बताओ सेठजी, हलका कौन सा?" सेठजींनी चष्मा पुसला, मान वाकडी केली आणि नेमकं जड फोटोवर बोट ठेवलं. भैया माझ्याकडे वळून म्हणाले, "डोळ्याले फरक नाही दिसत. नेटले दिसते."

यंदा मंडळाची साइट भैयांनीच हौसेनं बनवून दिली. आठवड्याभरात अध्यक्षांचा फोन आला. गणपती उत्सवाचं पान उघडता उघडत नाही, आजच्या आज पाहा. मी पाहिलं. सगळे फोटो हलके होते. एकच नऊ एमबीचा धोंडा वाट अडवून बसला होता. त्यात आरतीचं ताट घेऊन उभे होते खुद्द खोरगडे भैया.

मला फार आनंद झाला. "वा भैया! जगाचं वजन उतरवता, आणि स्वतः नऊ एमबी?" अख्खं ऑफिस हसलं. मी तो फोटो बदलायला घेतला, तर भैयांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे तो."

"काहून? थांबते कोन?"

त्यांनी आपल्या आईला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. आई सौंसरच्या पुढे एका खेड्यात एकटी राहते. बोलते आपल्या साध्या फोनवर, फोटो रोज याच वेळी पाहते शेजारच्या वहिनीच्या मोबाइलवर. नेट तिथे असून नसल्यासारखं.

"आई, पाहून राहिली का?"

"हो रे. वहिनीनं आत्ताच लावला. टोपी आली... कपाळ आलं. गंध लावलं हाय तू."

"हलका फोटो देऊ का? पटकन दिसन."

"नको रे बाबा. तो पटकनवाला आला का आला, झालं. तसा तू येत तं नाहीस. हा कसा, वरून खाली, हळूहळू... तू येऊन राहिला असं वाटते. हे पाह, डोळे आले. वाळला रे तू!"

"नाही वाळलो, आई."

"बोलू नको आता. हनुवटी बाकी हाय."

मी तो फोटो मंडळाच्या पानावरून काढला आणि त्या एकट्या फोटोसाठी वेगळं पान केलं. नऊच्या नऊ एमबी तसेच ठेवले. वहिनीला पाठवायची नवी लिंक भैयांच्या समोर सरकवली.

त्यांनी पाहिली नाही. फोन कानाजवळ धरून ते बसले होते. समोर कपातला चहा निवत होता.