हद्दीवरचा जाळ

राष्ट्रप्रेम ही उदात्त भावना खरी, पण टिकाऊपणात ती शेजाऱ्याच्या द्वेषाच्या पासंगालाही पुरत नाही. राष्ट्रप्रेमाला झेंडा लागतो, गाणं लागतं, चार वर्षांतून एकदा भरणारी स्पर्धा लागते. शेजाऱ्याचा द्वेष बिनखर्ची असतो, आणि रोज सकाळी पावाच्या दुकानात तो ताजा मिळतो.

आयर्लंडमधल्या किलब्रॅकन गावाला हे ज्ञान फार पूर्वीच झालं होतं. किलब्रॅकन आणि ड्रमली या दोन गावांमध्ये एक ओढा आहे. उन्हाळ्यात गाय तो पोट न भिजवता ओलांडते. ओढ्याच्या अलीकडे जन्मलेला माणूस किलब्रॅकनकडून हर्लिंग खेळतो, पलीकडचा ड्रमलीकडून, आणि हे मरेपर्यंत बदलत नाही. (मेल्यावरही बदलत नाही, असं मानणारा एक गट आहे.) हर्लिंग म्हणजे लाकडी काठ्या घेऊन चेंडूमागे धावायचं, पैसा एक मिळत नाही, दात मात्र स्वतःचे पडतात. माणसाला देश बदलता येतो, धर्म बदलता येतो, बायकोही बदललेली दोन उदाहरणं गावात आहेत. क्लब बदललेलं एकही नाही.

फिंटन लॅली हा किलब्रॅकन क्लबचा अध्यक्ष. त्याचा मुलगा कॉनल संघाच्या फ्री, म्हणजे समोरच्यांच्या चुकीबद्दल मिळणारे मोकळे फटके, मारायचा, त्यामुळे त्याला शेंबडं पोरही ओळखायचं. फिंटनला एक मुलगीही होती. तिला गावात ‘कॉनलची बहीण’ म्हणत. ती आयर्लंडतर्फे होडी वल्हवायची, एका होडीत एकटीच, आणि त्या वर्षी ती जागतिक स्पर्धेत उतरणार होती. गावाची याला काही हरकत नव्हती. (गावात तळं नाही, त्यामुळे तिचा कुणाला अडथळा नव्हता.)

हरकत आली ती तारखेमुळे. ज्या रविवारी तिच्या स्पर्धेची अंतिम शर्यत, त्याच रविवारी काउंटीच्या, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याच्या, कनिष्ठ गटाचा अंतिम सामना होता, किलब्रॅकन विरुद्ध ड्रमली. क्लबच्या कार्यकारिणीनं जागतिक नौकानयन मंडळाला विनंती केली की, आपली शर्यत आठवडाभर पुढे ढकलावी, कारण आमची पोरं गवत कापणीतून मोकळी होऊन एकत्र सापडणं कठीण असतं. मंडळाचं उत्तर आलं नाही. त्यावरून कार्यकारिणीनं असा निष्कर्ष काढला की, जगाला अजून खेळाची समज आलेली नाही.

जाण्याआधी मुलीनं बापाकडे एकच गोष्ट मागितली. किलब्रॅकनचा संघ जिंकून आला की ओढ्याच्या पुलावर, गावाच्या हद्दीवर, जुने टायर आणि लाकडं रचून मोठा जाळ करतात, आणि खेळाडू त्याच्या उजेडात गावात शिरतात. कॉनलसाठी तो जाळ तिनं लहानपणापासून पाहिला होता. लाकडंही ओढली होती.

“बाबा, जिंकले तर माझ्यासाठी पेटवाल?”

“बघतो,” फिंटन म्हणाला.

त्याच्या मनात खोट नव्हती. त्याला ते मनापासून करायचं होतं. पण अध्यक्षाचं मन आणि अध्यक्षाची काडेपेटी यांच्यामध्ये क्लबची घटना असते. तिचं कलम नऊ सांगतं की, हद्दीवर जाळ फक्त शेजारचं गाव हरल्यावरच होईल. हे कलम खुद्द फिंटननंच आणलं होतं. एका वर्षी राष्ट्रीय फुटबॉल संघानं कुठेतरी परदेशात बरोबरी साधली, आणि त्या आनंदात गावच्या पोरांनी सगळं सरपण फुंकून टाकलं. पुढे तीनच आठवड्यांनी किलब्रॅकननं ड्रमलीला हरवलं, तेव्हा जाळायला उरली होती एक खुर्ची. ड्रमलीवाले अजून त्या खुर्चीची चौकशी करतात.

रविवारी अख्खं गाव मैदानावर होतं. एक बारसं पुढे ढकललं होतं, एक दफनही. (मयताच्या नातेवाइकांनी सांगितलं की, तोही हेच म्हणाला असता.) शेवटच्या मिनिटाला किलब्रॅकन एका गुणानं मागे, आणि कॉनल फ्री मारायला उभा. चिडीचूप शांतता. आणि फिंटनच्या खिशातला फोन वाजला.

“बाबा! मी...”

“आत्ता नको पोरी, कॉनल फ्री मारतोय!”

चेंडू खांबाच्या बाहेरून गेला. ड्रमली जिंकली.

आपली मुलगी जगज्जेती झाल्याचं फिंटनला संध्याकाळी रेडिओवरून कळलं. काउंटीतल्या सामन्यांच्या सविस्तर चर्चेनंतर आणि एका हरवलेल्या कालवडीच्या आधी. त्यानं रेडिओ बंद केला. आपण पोरीचा फोन कापला, याची त्याला भयंकर लाज वाटली. त्यानं तिला फोन लावला, पण तिचा फोन आता बंद होता.

सोमवारी बैठक भरली. फिंटननं जाळाचा ठराव मांडला. सचिव मॅलकी किओनं चष्मा पुसला.

“फिंटन, रागावू नकोस, पण तिनं हरवलं कुणाला?”

“जर्मनीच्या पोरीला. न्यूझीलंडच्या. सगळ्या जगाला हरवलं, बाबा!”

“ते जग राहतं कुठे? उद्या पावाच्या रांगेत ती जर्मन बाई मला भेटणार आहे का? तिचं पडलेलं तोंड मी बघू कुठे?”

दुसऱ्या सदस्यानं अदबीनं निदर्शनास आणलं की, कॉनलची फ्री चुकली ती फोन वाजल्यामुळे. म्हणजे बारकाईनं पाहता, हे विश्वविजेतेपद गावाला काउंटीच्या विजेतेपदाच्या भावात पडलं. व्यवहार आतबट्ट्याचा झाला, यावर एकमत झालं. पोरीचा जाहीर निषेध करू नये, हीच मोठी सूट, असंही ठरलं.

फिंटनची बायको ब्रीड चहाची किटली घेऊन दाराशी उभी होती. तिनं किटली टेबलावर आदळली.

“फिंटन, तुझ्या जिभेला काय लकवा मारलाय? मार्चमध्ये देशाच्या संघाची निवड झाली, तेव्हा शेवटच्या शर्यतीत आपल्या पोरीनं कुणाला मागे टाकलं? पॅडी टॉर्पीच्या भाचीला!”

पॅडी टॉर्पी म्हणजे ड्रमली क्लबचा अध्यक्ष.

“त्याची सख्खी भाची?” मॅलकीनं विचारलं.

“सख्खी. त्याच्याच घरात वाढलेली.”

“किती फरकानं?”

“चांगल्या दोन होड्यांच्या लांबीनं.”

मॅलकी उभा राहिला. “आणि ही बातमी मार्चपासून गावापासून लपवलीत? अरे, माणसं आहात की कोण!” ठराव एकमतानं मंजूर झाला. गेली अनेक वर्षं किलब्रॅकनच्या बैठकीत टाळ्या वाजल्या नव्हत्या, त्या वाजल्या.

मंगळवारी संध्याकाळी पुलावर असा जाळ झाला की, ड्रमलीतली कुत्री भुंकत सुटली. (हा उद्देशच होता.) पांढऱ्या चादरीवर हातभर अक्षरांत लिहिलं होतं, ‘ड्रमली हरली!’ खाली कोपऱ्यात जागा उरली म्हणून ‘जगही’ एवढं लिहिलं होतं. मुलगी गाडीतून उतरली. गळ्यात सुवर्णपदक होतं. तिला खांद्यावर घेतलं गेलं, आणि सगळ्यांनी एकच विचारलं, “टॉर्पीची पोर रडली का गं?”

“रडली,” ती म्हणाली. “हुंदके देऊन.”

गाव धन्य झालं.

माणसं पांगल्यावर फिंटन तिच्याजवळ गेला. “फोन कापला मी. मला माफ कर पोरी.”

“जाऊ द्या बाबा. खरं सांगू? शेवटच्या टप्प्यात जर्मनीची पुढे निघाली होती. माझ्या हातात जीव उरला नव्हता. मग मी डोळे मिटले आणि म्हटलं, ही टॉर्पीची भाची आहे.”

फिंटननं तिला घट्ट मिठी मारली.

असे हे किलब्रॅकनचे लोक. वाचकांना त्यांचं हसू आलं असेल, आणि ते रास्तच आहे. एवढी मोठी जगज्जेती, आणि गावाला तिची किंमत नाही! वाचकांना आता फिंटन, कॉनल, मॅलकी आणि पॅडी टॉर्पी हे सगळे नावानिशी ठाऊक झाले आहेत. त्या मुलीचं नाव मात्र या हकिगतीत एकदाही आलेलं नाही. कुणी विचारलं असतं, तर आम्ही जरूर सांगितलं असतं.