मागचे डावे चाक

ज्या मिस्त्रीच्या हाताखालून गेलेल्या गाडीचा ब्रेक वर्ष वर्ष कुरकुरत नसे, त्याच्या स्वतःच्याच जीपचा ब्रेक दर पंधरा दिवसांनी मऊ का पडावा? या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी मी त्या वर्षीचे दोन हिवाळी महिने खर्ची घातले. उत्तर मिळाले. ते इतकी वर्षे मी कोणाला सांगितले नाही. आता ती जीप भंगारात गेली आहे आणि सांगितल्याने कोणाचे नुकसान होणार नाही.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. पांढुर्ण्यात स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर डोमाजी मिस्त्रींचे ब्रेकदुरुस्तीचे दुकान होते आणि त्याला लागूनच माझी खोली. मी तिथल्या शाळेत विज्ञान शिकवीत असे. डोमाजी पन्नाशीचे, काटक, डाव्या कानावर कायम एक तेलकट पेन्सिल. त्यांचा जगातल्या कोणत्याही गोष्टीवर विश्वास नव्हता. ‘दाबून पाहिलं काय?’ हा त्यांचा प्रश्न सर्वांना आणि सर्व बाबतीत लागू असे.

ते दाबून पाहिल्याशिवाय कोणत्याही वाहनात बसत नसत. बस उभी राहिली की ते प्रवाशांच्या दारातून न चढता ड्रायव्हरच्या दाराशी जात. “पाय सरकवा जरासा,” असे म्हणून हात आत घालीत, ब्रेकचे पेडल तळव्याने तीनदा दाबीत आणि डोळे मिटून क्षणभर थांबत. वैद्याने नाडी पाहावी तसे. मगच तिकीट काढीत.

“आले बाप्पा इन्स्पेक्टर,” ड्रायव्हर म्हणे. “काल तर पास झाली हे गाडी.”

“थ्यायनं केली असंन पास. म्या नाई केली.”

शाळेच्या स्नेहसंमेलनाला आम्ही त्यांना पहिल्या रांगेत बसायला बोलावले, तर त्यांनी खुर्ची आधी दोन्ही हातांनी दाबून पाहिली. एवढ्यावर भागले नाही. त्यांनी शेजारच्या मुख्याध्यापकांनाही उठवून त्यांची खुर्ची तपासली आणि “हे कडक हाय,” असे सांगून ती स्वतः घेतली. एकदा मी म्हणालो की रेडिओवर उद्या थंडी वाढणार असे सांगितले आहे. ते म्हणाले, “रेडिओवाल्यानं दाबून पाहिलं काय?”

येथे थोडे शास्त्र सांगितले पाहिजे, नाहीतर पुढचे समजणार नाही. पेडल दाबले की पायाचा जोर नळ्यांमधल्या तेलावाटे चारही चाकांपर्यंत पोहोचतो. तेल दाबून लहान होत नाही, म्हणून जोर जसाच्या तसा पोहोचतो. हवा मात्र दबते. नळीत एक बुडबुडा जरी अडकला, तरी पायाचा जोर त्या बुडबुड्याला चेपण्यात वाया जातो आणि पेडल उकडलेल्या रताळ्यावर पाय पडावा तसे लागते. उपाय एकच : हवा काढणे. त्याला दोन माणसे लागतात. एकाने वर बसून पेडल तीनदा दाबायचे आणि दाबून धरायचे. दुसऱ्याने गाडीखाली निजून चाकामागचा बारीक निपल ढिला करायचा, तेलाबरोबर बुडबुडा बाहेर आला की निपल आवळायचा आणि मग वरच्याला ‘सोड’ म्हणायचे. वरच्याने निपल आवळण्याआधी पाय उचलला, तर बाहेर आलेला बुडबुडा उलटा आत जातो.

दुसऱ्यांच्या गाड्यांना डोमाजींना वरचा माणूस कोणीही चाले. लोधीखेड्याच्या संत्र्यांच्या टेम्पोचे पेडल त्यांनी एकदा टपालवाल्याकडून दाबून घेतले होते. पत्रे तासभर उशिरा पोहोचली, पण टेम्पोचा ब्रेक दगडासारखा झाला. त्यांच्या स्वतःच्या जुन्या जीपला मात्र टपालवाला चालत नसे, मी चालत नसे, कोणीच चालत नसे.

“हिले दुसऱ्याचा पाय नाई जमत, गुरुजी. हिले सुनंदाचाच पाय लागते.”

सुनंदा ही त्यांची एकुलती मुलगी. आई लवकर गेल्यामुळे ती दुकानातच वाढली आणि पाय पेडलपर्यंत पोहोचू लागल्यापासून वरचे काम तीच करीत आली. दोन वर्षांपूर्वी तिचे सौसरला लग्न झाले होते. जावयाची पिठाची गिरणी होती. तेव्हापासून दर दुसऱ्या रविवारी डोमाजी ब्रेक मऊ पडलेली जीप सौसरपर्यंत चालवीत नेत आणि तेथे ब्रेक कडक करून आणीत.

ज्या गाडीचा ब्रेक खराब आहे ती गाडी एवढी लांब चालवत नेऊन दुरुस्त करायची, हे कोणत्याही सावध मनाला खटकावे. माझे मन धंद्यानेच संशयी आहे. प्रयोग न करता आधीच निरीक्षणे लिहून ठेवणारी मुले मी वर्षानुवर्षे पकडत आलो आहे. मला स्वच्छ वाटले की डोमाजी स्वतःच काहीतरी करतात.

मी पद्धतशीर सुरुवात केली. ब्रेक बिघडण्याचे दोन प्रकार असतात. पेडलवर पाय ठेवल्यावर ते हळूहळू खाली बसत गेले, तर तेल कोठेतरी गळते आहे. पहिल्या दाबाला मऊ आणि लागोपाठ दुसऱ्या दाबाला कडक लागले, तर हवा आहे. डोमाजींची जीप दुसऱ्या प्रकारची होती. तरी मी तेलाच्या टाकीवर पेन्सिलीने पातळीची रेघ ओढली आणि चारही चाकांखाली रद्दीचे कागद पसरले. पंधरा दिवसांत पातळी केसभर उतरली नाही. कागद कोरडे. म्हणजे तेल बाहेर जात नव्हते, आणि जिथून तेल बाहेर जात नाही तिथून हवा आत शिरण्याची शक्यता फार थोडी.

राहिला एकच संशय : डोमाजी मधल्या दिवसांत निपल ढिला करीत असावेत. एका रविवारी सौसरहून परतून ते जेवायला बसले असताना मी जीपखाली शिरून चारही निपलांवर पांढऱ्या रंगाची बारीक रेघ ओढली, अर्धी निपलवर आणि अर्धी पत्र्यावर. कोणी निपल हलवला तर रेघ तुटणार. पुढच्या खेपेला “जामसांवलीच्या मारुतीला जायचं होतं,” असे सांगून मी त्यांच्याबरोबर निघालो.

“येतानी उतरून देतो,” ते म्हणाले. “पहिले ब्रेक.”

तासाभराची वाट आम्ही अडीच तासांत कापली. डोमाजी बैलगाडीला पुढे जाऊ देत, सायकलवाल्याला पुढे जाऊ देत, आणि उतार दिसला की गाडी आधीच पहिल्या गिअरमध्ये टाकीत. वाटेत ते एकदाही खाली उतरले नाहीत. सौसरला पोहोचताच रुमाल पडल्याचे निमित्त करून मी वाकून पाहिले. चारही रेघा शाबूत होत्या. डोमाजी निर्दोष होते, आणि माझी पंचाईत झाली.

ओट्यावर सुनंदाच्या सासूबाई सुपात गहू निवडत बसल्या होत्या. डोमाजींवर त्यांचा राग लग्नाच्या दिवसापासूनचा. वऱ्हाडाची बस निघायच्या वेळी डोमाजी नव्या धोतरासकट तिच्याखाली शिरले होते आणि काळ्या तोंडाने बाहेर येऊन म्हणाले होते, “मागचं डावं चाक ओलं हाय. पोरगी या गाडीत नाई बसत.” दोन तास वऱ्हाड उन्हात उभे राहिले. चाक ब्रेकच्या तेलाने खरेच ओले होते, पण ते विहीणबाईंना कधी पटले नाही.

“या इवाई,” त्या सुपातून मान न काढता म्हणाल्या. “जीप बिघडते पांढुर्ण्यात अन् दुरुस्त होते सौसरात. हे गुरुजी कोण?”

“शेजारी हायत. सायन्स शिकवतात.”

“बरं झालं आणले. आज निकालच लावून टाका, गुरुजी. काय रोग हाय थो पाहा अन् मले सांगा. रोग असंन तर नवीन पार्ट टाका. अन् नसंन तर पुढच्या ऐतवारपासून गाडी मोटार स्टँडवर न्या. माझं आंगन काय वर्कशाप हाय?”

सुनंदा दारात उभी होती. पदर खोचून ती जीपमध्ये चढली.

आमच्या भागातली रीत वाचकांना ठाऊक असेल. लेकीच्या सासरी बापाने विनाकारण जायचे नसते. गेलाच तर ओट्यावर टेकायचे, खुशाली विचारायची आणि पाण्याचा पेलाही तोंडाला न लावता उठायचे. नातवंड झाले की ही रीत सैल होते. तोवर ती आवळलेली असते. पण गाडीखाली निजलेला माणूस पाहुणा नसतो. तो मिस्त्री असतो. त्याला अंगणात दोन तास राहता येते आणि मोठ्याने बोलताही येते, कारण बोलल्याशिवाय हे काम होत नाही.

सर्वांत लांबचे चाक आधी घ्यायचे असते, म्हणून मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात झाली. निपलला सलाईनची नळी लावली होती आणि तिचे टोक बाटलीतल्या तेलात बुडवलेले. बाटली धरण्याचे काम मला मिळाले.

“दाब. दाब. दाब. धर!” डोमाजी खालून ओरडले. “बारीक झाली काय वं?”

“नाई, बाबा.”

“आवाजावरून वाटून राहिलं. सोड. दाब, दाब, दाब. धर! गिरणीत तोंडाले पदर बांधत जा. पीठ छातीत जाते.”

“बांधतो न.”

“बांधतो म्हणते. सोड.”

“अन् तुमी गोळ्या घेता काय बीपीच्या?”

“घेतो. दाब.”

“डबी दाबून पाहू काय?”

ओट्यावर सूप थांबले. डोमाजी गाडीखाली हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकले.

असे त्याच चाकाशी वीस-पंचवीस वेळा झाले. प्रत्येक ‘धर’ आणि ‘सोड’ यांच्यामध्ये दोन-तीन वाक्ये मावत. नळीतून बुडबुडे येत गेले आणि कमी होत गेले. शेवटी ज्वारीच्या दाण्याएवढा एकच उरला. “धर!” निपल ढिला झाला. तेलाबरोबर तो दाणा नळीत आला आणि माझ्या बोटापासून वीतभर अंतरावर सरकत राहिला. आणि मग थांबला. डोमाजींनी ‘सोड’ म्हटले नव्हते, त्यांचा पाना अजून निपलवरच होता, तरी तेल मागे फिरले आणि दाणा आला त्या वाटेने चाकात परत गेला.

वरचा पाय उचलला गेला होता. आधी पंचवीस वेळा घड्याळासारखा चाललेला पाय नेमका शेवटच्या वेळी.

मी डोमाजींकडे पाहिले. नळी त्यांच्या डोळ्यांपासून हातभर अंतरावर होती. त्यांनी निपल आवळला.

“कडक झालं काय वं?”

“झालं, बाबा. एकदम कडक.”

“मंग झालं.”

ते बाहेर आले आणि नळाशी हात धुऊ लागले. जीपच्या दाराशी गेले नाहीत. पेडल दाबून पाहिले नाही.

“बोला, गुरुजी,” विहीणबाई म्हणाल्या. “काय निघालं?”

सुनंदा अजून जीपमध्येच बसली होती आणि समोरच्या काचेकडे बघत होती. डोमाजींचे हात केव्हाच धुऊन झाले होते, तरी त्यांनी पुन्हा साबण घेतला. प्रयोगवहीत जे दिसले तेच लिहावे, असे मी मुलांना सांगत आलो होतो. मला जे दिसले ते मी सांगितले असते, तर उत्तर बरोबर आले असते.

“दोष आहे,” मी म्हणालो. “पण सापडत नाही. पार्ट बदलून उपयोग नाही. दर पंधरा दिवसांनी हवा काढत राहावे लागेल. आणि ज्या पायाची सवय आहे त्याच पायाने. मागचे डावे चाक आहे.”

“त्या दिवशीही मागचं डावं, आजही मागचं डावं! या मानसाले दुसरं चाक नाई काय?” त्यांनी सूप उचलले. “सायन्स शिकवते म्हणे. पोट्ट्यायचं कसं होत असंन!”

एवढे बोलून त्या आत गेल्या. मोटार स्टँडचे नाव मात्र पुन्हा निघाले नाही.

परतताना जामसांवलीच्या फाट्याअलीकडे शेळ्या आडव्या आल्या. डोमाजींनी बऱ्याच आधी ब्रेक दाबला. पहिला दाब रताळ्यासारखा गेला, दुसऱ्याने गाडी धरली. शेळ्या रस्ता ओलांडून गेल्या.

“डोमाजी,” मी म्हणालो, “आज दाबून पाहायचं राहिलं तुमचं.”

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, पाहिली आणि परत ठेवली.

“तिनं सांगितलं न कडक हाय म्हणून,” ते म्हणाले, आणि गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली.

आता वाचकांना एक विनंती. पेडल धरणाऱ्याने निपल आवळण्याआधी पाय उचलला तर बुडबुडा मागे फिरतो, आणि खाली निजलेल्या माणसाला तो दिसल्यावाचून राहत नाही, हे माझे म्हणणे माझ्या शब्दावर मान्य करू नये. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावावेत. सलाईनची नळी आणि तेलाची अर्धी बाटली घ्यावी. वर पेडलवर आपले एखादे माणूस बसवावे, आपण खाली निजावे आणि स्वतः पाहावे. नंतर हवा पूर्ण काढल्याशिवाय गाडी रस्त्यावर आणू नये.