नारिंगी गाडी, जांभळं अंगण

लॅव्हॉन स्टकीने चिलीचं मोठं पातेलं गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं, त्याला माणसासारखा पट्टा बांधला, आणि मग तिच्या मनात आलं की आपण हे काय चालवलंय! शनिवारची सकाळ, अमेरिकन फुटबॉलचा मोसम, गावात सामना, आणि अशा दिवशी बेल्ड्रिज सोडून बाहेर जाणारी ती एकटीच असावी.

दोष कॉलेजचा होता. बेल्ड्रिज आणि टॅनर या दोन गावांची कॉलेजं कित्येक पिढ्या एकाच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे एकाच गटात, खेळत आलेली. एका वर्षी सामना इकडे, पुढच्या वर्षी तिकडे. इकडे असला की स्टेडियमजवळच्या लॅव्हॉनच्या अंगणात एक नारिंगी कॅम्पर, म्हणजे आत झोपायची सोय असलेली गाडी, येऊन उभी राहायची आणि तिच्यातून मर्ल टॅकेट उतरायचा. गुरांचा डॉक्टर, आता निवृत्त, टॅनरचा कट्टर पाठीराखा. आधी बायकोबरोबर यायचा, ती गेल्यावर एकटा. मधल्या काळात लॅव्हॉनचा नवराही गेला.

राजमा आणि खिम्याची तिची चिली खाताना मर्ल दर वेळी म्हणायचा, "बाई, हे मी आजारी गाईलासुद्धा देणार नाही," आणि तिसऱ्यांदा वाडगा पुढे करायचा.

"गाईला चव कळते म्हणून," असं म्हणत लॅव्हॉन वाढायची.

यंदा बेल्ड्रिजच्या कॉलेजने टीव्हीच्या पैशाला भुलून जुना गट सोडला आणि थेट कॅलिफोर्नियापर्यंत पसरलेल्या बड्या गटात उडी मारली. गावात आनंदीआनंद. नव्या वेळापत्रकात टॅनरचं नाव नाही हे कुणाच्या फारसं लक्षातही आलं नाही. लॅव्हॉनच्या आलं. मर्लला तिच्या अंगणात यायचं आता काही कारणच उरलं नव्हतं.

फोन करता आला असता. पण 'येऊ का?' विचारलं की समोरचा 'कशाला?' विचारणार. त्याचं उत्तर तिच्याकडे नव्हतं. त्यापेक्षा चिली उरली होती म्हणून घेऊन आले, हे बरं. चिली चार तासांच्या अंतरावर कशी काय उरते, हे त्याने विचारलं तर पुढचं पुढे.

टॅनरमध्येही त्या दिवशी सामना होता आणि सगळं गाव नारिंगी झालं होतं. लॅव्हॉन नेहमीच्या, बेल्ड्रिजच्या जांभळ्या जाकिटात पातेलं धरून मर्लच्या दाराशी उभी राहिली. दार त्याच्या बहिणीने, वांडाने उघडलं.

"मर्ल आहेत का?"

"तो पहाटेच गेला. बेल्ड्रिजला."

"बेल्ड्रिजला? आज तिथे काय आहे त्यांचं?"

"मीही तेच विचारलं. म्हणाला, गाडी बरेच दिवस उभी आहे, इंजिन जरा मोकळं करून आणतो." वांडाची नजर जाकिटावरून पातेल्यावर गेली. "अगं बाई! तू ती चिलीवाली!"

"काय सांगितलंय माझ्याबद्दल?"

"नावं ठेवतो. बारा महिने नावं ठेवतो. एकदा मीही करून घातली, तर म्हणाला, हिच्यात नावं ठेवण्यासारखं काही नाही, खाऊ कशाला? आत ये तू."

वांडाने फोन लावून लॅव्हॉनच्या हातात दिला.

"मर्ल, कुठे आहात?"

"तुमच्या अंगणात. दार वाजवून हात दुखला माझा. तुम्ही कुठे आहात?"

"तुमच्या स्वयंपाकघरात."

"तिथे काय करताय?"

"चिली उरली होती."

"असं होय," मर्ल म्हणाला. "मला जरा इंजिन मोकळं करायचं होतं."

"तिथेच थांबा, मी येते."

"छे छे, तुम्ही थांबा, मी निघालोच."

"एकदा तरी माझं ऐका!" म्हणून तिने फोन ठेवला आणि ती तडक गाडीत जाऊन बसली. पण कोपऱ्यावरच पोलिसाने अडवलं. सामन्याच्या गर्दीसाठी रस्ता फक्त आत येणाऱ्यांना खुला होता.

"आता सामना संपल्यावर, आजी," तो म्हणाला. "आणि हा रंग घालून इथे फिरू नका. भल्यासाठी सांगतो."

तिने पुन्हा फोन लावला. "मर्ल, मी अडकलेय."

"मीही. सामन्याला आलेल्या कॅलिफोर्नियाच्या चार गाड्या अंगणात माझ्या गाडीमागे येऊन उभ्या राहिल्यात. मी पार्किंगवाला आहे असं वाटतंय त्यांना."

"तुम्ही हातवारे केलेत का?"

"एकाला जागा दाखवली फक्त."

"मग बाकीचे येणारच ना!"

"आणि ते विचारतायत, चिली कुठे आहे?"

"त्यांना कसं कळलं चिलीचं?"

"विषय निघाला."

"कुणी काढला?"

मर्ल खोकला. तेवढ्यात त्याला कुणीतरी हाक मारली म्हणे, आणि फोन बंद झाला.

लॅव्हॉन परत दाराशी आली तेव्हा वांडाने तिला आपला नारिंगी कोट घातला आणि स्टेडियममध्ये नेऊन मर्लच्या नेहमीच्या, आज रिकाम्या जागेवर बसवलं. शेजारच्या म्हाताऱ्याने वाकून विचारलं, "मर्ल कुठेय?"

"माझ्या घरी," लॅव्हॉन म्हणाली.

सगळी रांग वळून तिच्याकडे पाहू लागली. ती लाजेने चूर झाली. मग पलीकडच्या एका बाईने आपल्या ब्लँकेटचं अर्धं टोक तिच्या गुडघ्यांवर ओढलं.

टॅनरचा संघ वाईट खेळत होता. मोठी मोठी कॉलेजं गट सोडून गेलेली, उरलेल्यांची मोट बांधलेली. पोरं मात्र जीव तोडून धावत होती. एका काटकुळ्या पोराच्या हातून चेंडू दोनदा निसटला तेव्हा लॅव्हॉनला हळहळ वाटली. तिसऱ्यांदा त्याला ढकलून पाडलं आणि पंचांनी दुर्लक्ष केलं, तेव्हा ती उभीच राहिली आणि बोट नाचवत पंचांची खरडपट्टी काढू लागली. पुढच्या रांगेतल्यांनी टाळ्या वाजवल्या.

सामना संपला, रस्ते मोकळे झाले. ती गाडीपाशी पोचते न पोचते तोच फोन वाजला.

"मी वाटेला लागतोय," मर्लचा घसा पार बसला होता. "तुम्ही तिथून हलू नका."

"नाही हलत." तिने पहिल्यांदाच वाद घातला नाही. "आवाजाला काय झालं?"

"रेडिओवर बेल्ड्रिजचा सामना ऐकत तुमच्या पायरीवर बसलो होतो. ते कॅलिफोर्नियावाले बेल्ड्रिजला खेडवळ म्हणाले. माझ्या तोंडावर! बेल्ड्रिजला खेडवळ म्हणायचा मान आमचा आहे बाई, यांचा काय संबंध? मग बेल्ड्रिजच्या बाजूने ओरडावं लागलं. तिकडे काय झालं?"

"हरलो आपण," लॅव्हॉन म्हणाली. "अगदी शेवटी शेवटी. पोरं रडत होती हो."

"अरेरे! इकडे मात्र आपण जिंकलो."



"आपण म्हणजे कोण, मर्ल?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होतो."

गल्लीतून हरलेला नारिंगी घोळका हळूहळू घरी चालला होता.  फोन दोघांपैकी कुणीच ठेवला नाही.