चंपीच्या लेकीचं सासर

आमच्या समोरच्या आण्णा देवऱ्यांच्या घरात एकच एसी आहे, आणि तो चंपीच्या खोलीत आहे. चंपी म्हणजे त्यांची लॅब्राडोर कुत्री. आण्णा स्वतः हॉलमध्ये टेबलफॅनसमोर बनियनवर घाम पुसत बसायचे. विचारलं तर म्हणायचे, "गाभण ती आहे, मी थोडाच आहे?"

आण्णा मूळचे सटाण्याकडचे, रिटायर होऊन नाशकात स्थायिक झालेले. चंपीची एकदाच वीण करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. पण त्या एकदासाठी माणसानं केवढा व्याप करावा! आधी तिच्या खुब्यांचा एक्स-रे, मग डोळे, मग हृदय. मग स्थळं. दिंडोरीच्या एका द्राक्षबागायतदाराचा कुत्रा अगदी राजबिंडा होता. आण्णांनी त्याचाही एक्स-रे मागितला, खुबा ढिला निघाला आणि सोयरीक मोडली. बागायतदार भडकला, "लय झालं आण्णा! पोरगी देताय का काय?" आण्णांचं उत्तर ठरलेलं असतं. "जीव आहे भाऊसाहेब, टोमॅटोचं कॅरेट नाही."

शेवटी सिन्नरचं स्थळ जमलं. पिल्लं झाली, तीही सिझेरियन करून. मी अक्कल पाजळली, "आण्णा, यात सुटतं किती?"

"डॉक्टरांना बरंच सुटतं," आण्णा म्हणाले.

मला त्यातलं एक पिल्लू हवं होतं. सख्खा शेजारी, आपला नंबर पहिला, अशा तोऱ्यात मी होतो. आण्णा म्हणाले, "घर बघायला येतो." आले. बायकोनं पोहे केले. पोहे खाताखाता त्यांनी जिना बघितला, गॅलरीचे गज हलवून पाहिले, दुपारी घरी कोण असतं ते विचारलं. मग माझ्यादेखत बायकोला म्हणाले, "वहिनी, खरं सांगा, यांना राग येतो का हो?" बायको इतका वेळ विचार करत राहिली की मला ठसका लागला. "वहिनी पास," आण्णा उठत म्हणाले. "तुमचं चालणं कमी आहे, भाऊसाहेब."

पन्नाशीच्या माणसाला कुत्र्यापायी नापास करतात म्हणजे काय! मी फुगून बसलो. मग गुपचूप बूट विकत आणले आणि गंगापूर रोडला धापा टाकत फिरायला लागलो. आण्णा गेटमधून नुसते बघायचे. पिल्लं आईपासून तोडण्याएवढी मोठी होईपर्यंत माझी पँट कमरेत सैल झाली, आणि शेवटी उरलेली चिंगी मला मिळाली. सोबत चंपीच्या गोधडीचा एक तुकडा, आईच्या वासाचा. आणि अट: "जमलं नाही तर मलाच परत आणायची. म्हातारी झाली असली तरी."

घरी येताच चिंगी सोफ्याखाली शिरली. मी "ये, ये" केलं. बायकोनं लाडीगोडी लावली, लेकीनं इंग्रजी झाडलं. चिंगी ढिम्म. संध्याकाळ झाली तरी पोटात दूध नाही. परत द्यावी लागते की काय, म्हणून माझा जीव टांगणीला लागला. नाइलाजानं आण्णांना हाक मारली. ते दारातूनच हळू आवाजात म्हणाले, "आठे ये वं माय."

चिंगी शेपूट हलवत थेट त्यांच्या पायांत.

"आण्णा, पिल्लांना अहिराणी शिकवलीत?"

आण्णा चोरी पकडल्यासारखे ओशाळले. "शिकवली नाही हो. आमची ही गेली, मग घरात अहिराणी बोलायचं कोणाशी? मुलगा-सून पुण्याला, त्यांना येत नाही. चंपीशी बोलायचो. तर ही पोरंपण ऐकायला लागली." चिंगीच्या कानामागे खाजवत ते म्हणाले, "घर भरल्यासारखं वाटायचं. आता तुम्ही तुमची भाषा शिकवा."

मी म्हटलं, "छे! हे आपल्याला जमायचं नाही. तुम्हीच येत जा रोज."

तेव्हापासून आण्णा रोज चहाला येतात आणि चिंगीशी तासभर अहिराणीत गप्पा मारतात. चिंगी आठवड्यातच मराठी शिकली. 'बस' म्हटलं की बसते, 'ये' म्हटलं की येते. पण फाटकाशी आण्णांची चप्पल वाजली, की आमच्या घरात तिला कोणी मराठीत काही सांगत नाही.

"येस मी," आण्णा उठताना चिंगीला अहिराणीत 'येतो' म्हणतात. मग चप्पल घालता घालता विचारतात, "काय भाऊसाहेब, अजून ऐकत नाही का तुमचं?"

"कुठलं ऐकतेय!" मी म्हणतो. "उद्यापण यावं लागेल तुम्हाला."