जांभूळ आणि जांभूळ

बाळांनो, एका जंगलात उन्हाळा असा कडक पडला की झरे आटले, नदी तर लांबच होती, आणि सिंहमहाराजांचं तळं तेवढं उरलं. महाराजांनी प्रजेला परवलीचा शब्द कळवला, 'जांभूळ'. जो हा शब्द सांगेल त्यानं दिवसातून एकदा पाणी प्यावं. फाटकावर ध्यानराव बगळ्यांची नेमणूक झाली. ते एका पायावर उभे राहून दोन्ही पायांचा पगार घेत.

पहिली आली चंद्री हरिणी. बरोबर तिची जुळी पाडसं. तहानेनं त्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या होत्या. चंद्री म्हणाली, "जांभूळ."

ध्यानरावांनी मान हलवली. "महाराजांचं जांभूळ महाराजांच्या तोंडून निघालं. तुझं तुझ्या तोंडून. दोन्ही एकच कसं?"

"पण शब्द तोच आहे ना, साहेब?"

"तसाच आहे. तोच नाही."

मागे रांग वाढली. सगळ्यांनी जांभूळ म्हटलं, पाणी कोणालाच मिळालं नाही. दुपारी एक म्हातारं सांबर रांगेतच कोसळलं, तेव्हा कुठे ओरड महाराजांपर्यंत पोचली. ताबडतोब नवा हुकूम निघाला: जे सारखं, ते एकच समजावं.

ध्यानरावांनी हुकूम मनापासून पाळला. चंद्री प्यायली, एक पाडस प्यायलं. दुसरं पुढे आलं तर त्यांनी पंख आडवा घातला. तेच ठिपके, तेच डोळे, तीच उंची. म्हणजे हे आत्ताच पिऊन गेलंय, असं त्यांनी समजावून सांगितलं. चंद्री काकुळतीला आली. ही माझी दोन लेकरं आहेत, एकाच्या पिण्यानं दुसऱ्याची तहान कशी जाईल, असं विचारत राहिली. बगळ्यानं डोळे मिटून घेतले.

मग तिनं वाद सोडला. पाडसाला फाटकाबाहेरच्या चिखलात लोळवलं आणि पुन्हा पुढे केलं.

"हे निराळं दिसतंय," ध्यानराव म्हणाले, "जाऊ दे."

पाडस पोटभर प्यायलं. कोल्ह्यानं ते पाहिलं. तो आधी तसाच आला, मग चिखलात लोळून आला, मग राखेत. दर वेळी पाणी पिऊन गेला. हळूहळू सारं जंगलच लोळू लागलं. आठवड्यात तळ्याचा तळ दिसला.

महाराजांनी जाब विचारला. ध्यानराव शांतपणे म्हणाले की एकच प्राणी दिवसातून दोनदा प्यायलेला त्यांनी कधी पाहिला नाही. असा चोख कारभार ऐकून महाराज गहिवरले आणि त्यांनी ध्यानरावांना बढती दिली.

तात्पर्य: दोन शब्द एकच आहेत हे ज्याला कळत नाही, आणि दोन लेकरं दोन आहेत हेही कळत नाही, त्याला तळ्यावर नेमू नये. नदीवर नेमावं. ती आटायला जरा जास्त वेळ लागतो.