आपोआप लाटलेले पापड

१९४६ साली जळगावच्या एका कॉलेजच्या व्यवस्थापक मंडळाने विद्यार्थिनींना माहितीपट काढायला शिकवण्याचा ठराव एकमताने मंजूर केला. विषयही मंडळानेच नेमून दिला : 'आमच्या स्त्रिया, आमचे घर'. मुंबईहून आलेल्या प्रमिलाबाईंनी पहिल्याच तासाला सांगितले, "मुलींनो, नाटक नको. घरात जे आहे, ते दाखवायचं."

प्रेमकुंवर वर्गातली एकटीच लेकुरवाळी. तिने ठरवले, आपली आई झमकूबाई पापड लाटताना दाखवायची. आईचा एकही फोटो नव्हता, आणि हल्ली तिचा खोकला हटत नव्हता. छोट्या चंदाला उद्या नानीचा चेहरा कुठून दाखवणार?

"पण बेटा, तो खेळ जेठजी बघतील ना?" झमकूबाईंनी विचारले.

अडचण रास्त होती. झमकूबाईंचे जेठ, म्हणजे थोरले दीर, रुपचंदजी मंडळाचे अध्यक्ष. कॅमेरा त्यांच्याच देणगीतला. लग्नापासून त्यांच्यासमोर झमकूबाईंचा घुंघट उठला नव्हता.

"अध्यक्षांनी तेवढा वेळ डोळे मिटावेत," प्रमिलाबाईंनी सुचवले.

मिटल्या डोळ्यांनी मंजुरी देण्याचा अध्यक्षांचा अनुभव दांडगा होता. पण या खेपेस त्यांना पाहायचे होते. निर्णय झाला : सत्य दाखवावे, चेहरा वगळून.

त्याप्रमाणे झमकूबाईंनी घुंघट ओढून पापड लाटले. मंडळ चित्र पाहायला बसले. सगळे समाधानाने माना डोलावत असताना, बायकांसाठी लावलेल्या चिकाच्या पडद्यामागून चंदा ओरडली, "नानीचे हात!"

रुपचंदजी दचकले. "म्हणजे ओळख पटते?"

"हातांवरून पटते, शेटजी," सेक्रेटरी पुटपुटले.

"मग घुंघटाचा उपयोग काय?"

सबब, हात कापण्यात आले. फिल्ममधले.

कापलेला तुकडा प्रेमकुंवरने मागून घेतला. चंदा तो खिडकीच्या उजेडात धरते, "नानी!" म्हणते, आणि आतून नानी खोकत खोकत ओ देते. चेहऱ्याचे मात्र राहूनच गेले.

माहितीपट फैजपूरला, धुळ्याला गाजला. हुबेहूब घर उतरले आहे, असे जो तो म्हणाला. तुम्हीही पाहिला असेल. आधी रिकामी खाट दिसते, मग पापडांनी भरलेली. मध्ये कुणीच नाही. काही चुकल्यासारखं वाटलं का हो? नाहीच वाटणार. घरी तरी तुम्हाला याहून जास्त कुठे दिसतं?